मुंगीबाबाच्या दोन रांगा

काळ्या दगडावर पहिली मुंगी चढली तेव्हा मांडवातल्या दोनेकशे माणसांनी श्वास रोखून धरला. मग दुसरी चढली. तिसरी चढली. थोड्याच वेळात मांडवाच्या खांबाखालून अख्खी रांग निघाली आणि दगडावर सांडलेल्या ओलीकडे वळली.

"आली! आली रे!" पुढच्या ओळीतला एकजण ओरडला. टाळ्या पडल्या. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं वीस सेकंद.

"पाहा, डोये भरून पाहा," मुंगीबाबा माइकवर म्हणाला. भगवी लुंगी, वर पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. "डॉक्टर कायले पाह्यते? बोटातलं रक्त! यंत्र कोणाचं? कंपनीचं. गोळी कोणाची? कंपनीची! मंग यंत्र काय बोलन? साखर हाये, साखर हाये! पण मुंगीले कोणी कमिशन देते का? सांगा ना, मुंगी कोणत्या कंपनीत कामाले हाये?"

लोक खदखदून हसले.

"तुमचं स्वादुपिंड बिघडलं नाही बापा. ते रुसलं हाये. रुसलेल्या बायकोले कोणी गोळ्या देते का? तिची समजूत काढा लागते. मुंगीमाता चाळीस दिवस समजूत काढते आन् एक्केचाळिसाव्या दिवशी साखर खतम! बोला, मुंगीमाता की..."

"जय!"

आमचं पांढरदरा दिग्रसपासून अकरा किलोमीटरवर. गावाबाहेर नाल्याचा डोह आहे, त्याच्या काठावर बाबाने दसऱ्यानंतर पत्र्याचा मांडव टाकला होता. दर गुरुवारी सकाळी तिथे गाड्या लागायच्या. मांडवात दोन काळे दगड होते. पहिला परीक्षाशिळा. साखर असल्याचा संशय असलेल्या माणसाने सकाळची लघवी बाटलीत आणायची, ती पळसाच्या द्रोणातून या शिळेवर ओतायची. मुंग्या आल्या की साखर आहे. मग चाळीस दिवस बाबाचं चूर्ण घ्यायचं आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद. एक्केचाळिसावा दिवस झाला की येणाऱ्या गुरुवारी दुसऱ्या दगडावर, म्हणजे मुक्तिशिळेवर लघवी ओतायची. मुंग्या आल्या नाहीत की साखर गेली.

आणि त्या येत नसत. गेल्या तीन गुरुवारी मी सतरा माणसं मुक्त झालेली मोजली होती.

त्या दिवशी अठरावे होते पुंडलिकराव. कापूस, तूर, सोयाबीन मिळून चाळीस एकरांचे मालक, गावातलं पहिलं घर. बारा वर्षांची साखर. त्यांची बाटली मुक्तिशिळेवर रिकामी झाली, पाव तास भजन झालं, आणि शिळेजवळ एकही मुंगी फिरकली नाही. पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून गोळ्यांचा डबा काढला आणि बाबाच्या पायाशी ठेवला. मागे बायांमध्ये उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने, मथुराबाईंनी, तोंडावर हात ठेवला. बारा वर्षं तो डबा त्याच भरत होत्या.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि एका संस्थेच्या साखर तपासणीच्या कामावर लागले. काम सोपं होतं. गावात शिबिर लावायचं, तिशीपुढच्या माणसांच्या बोटातलं रक्त घ्यायचं, आकडा वहीत लिहायचा. माझी वही नीटनेटकी होती. पांढरदऱ्याच्या पानावर एकसष्ट पुरुष आणि चौदा बाया होत्या. साखर निघाली ती एकोणीस पुरुषांना आणि एका बाईला. मी निष्कर्षही लिहून ठेवला होता: या गावात मधुमेह मुख्यतः जमीनदार घरांतल्या पुरुषांमध्ये आढळतो.

बाबाही तेच म्हणत होता, फक्त माइकवर. "साखर हा बसून खाणाऱ्याचा रोग हाये. कापूस वेचणीच्या बाईले साखर कुठून होईन? तिचं तर घामातच सारं जाते." शिवाय बाईची लघवी शिळेवर चालत नव्हती. शिळा बाटते म्हणे. म्हणून बायांची रांग वेगळी होती, मांडवामागे, डोहाच्या बाजूला. तिथे शिळा नव्हती आणि माइकही नव्हता. हंसाबाई नावाची बाबाची एक सेविका गोधडीवर बसून बायांची दुखणी ऐकायची आणि प्रत्येकीला एकच सांगायची. डोहातली आसरा, म्हणजे पाण्यातली देवता, लागली.

त्या रांगेत मला कोकिळाआत्या दिसली.

मी थबकले. तिने पदर पुढे ओढला, पण ओळखायला उशीर झाला होता.

"आत्या? तू?"

"हळू बोल वो पोरी."

"आपल्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर हायेत, आन् तू आसरेच्या रांगेत?"

"त्या प्रतिज्ञा म्या तुह्याआंधी पाठ केल्या," ती म्हणाली. "पण तहान जात नाही, तिचं काय करू? दिवाळीपासून घशाले कोरड. तांब्या उशाले घेऊन झोपा लागते. वेचणीतल्या बाया हासतात मले, म्हणतात कोकिळा रांजण गिळून आली का."

"दवाखान्यात गेलती का?"

"दोनदा गेलती. पह्यल्यांदा रक्तवाढीच्या गोळ्या देल्या. दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणे, वय झालं बाई, आराम करा." ती हसली. "आराम! मुकडदमाले दाखवू का चिठ्ठी, डॉक्टरनं आराम लिहून देला म्हणून? आन् दुसरं बी हाये काही. आग होते, खाज सुटते. ते बाप्या डॉक्टरले कसं सांगाचं?"

तिचे गाल बसले होते. ब्लाउजच्या बाह्या दंडांवर सैल झाल्या होत्या. साखर मोजायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. पट्ट्याही होत्या. एका मिनिटाचं काम होतं.

पण माझं लक्ष शिळांकडे होतं. भजन संपत आलं होतं, मांडव रिकामा व्हायच्या आत मला त्या दगडांना हात लावून पाहायचा होता. आणि वहीतला निष्कर्ष डोक्यात पक्का होता.

"रक्त कमी असेल तुझं," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात दिग्रसला नेते तुला. आता घरी जा."

"जातो ना," ती म्हणाली आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

मी मांडवात परत गेले.

त्या आठवड्यात मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण बाबाची सगळी लबाडी त्यात आहे.

बाबा काहीच लपवत नव्हता. दर गुरुवारी सकाळी लोकांदेखत परीक्षाशिळेला पंचामृताचा अभिषेक व्हायचा. दूध, दही, तूप, मध, साखर. मग शिळा कोरड्या फडक्याने पुसायची. मुक्तिशिळेला पंचामृत नव्हतं. तिच्याभोवती पांढऱ्या भस्माचं जाड रिंगण काढलेलं असायचं. बाबा त्याला रक्षारेषा म्हणायचा. दोनेकशे माणसं हे पाहत होती आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पंचामृत हे तीर्थ, ते ओंजळीत घ्यायचं आणि डोक्याला हात पुसायचा, त्यात साखर आहे हा विचार कोण करतो? आमच्या बौद्ध घरात पंचामृत होत नाही. म्हणून कदाचित मला त्यात आधी साखर दिसली.

मी कापसाच्या बोळ्याने परीक्षाशिळा पुसून घेतली, आणि मूठभर भस्म कागदात बांधून आणलं. घरी अंगणात चार फरशा मांडल्या. पहिलीवर तो बोळा ओला करून फिरवला, वाळू दिला आणि वर साधं पाणी ओतलं. दुसरी स्वच्छ, तिच्यावरही साधं पाणी. तिसरी स्वच्छ, तिच्यावर साखरेचं पाणी. चौथीवरही साखरेचंच पाणी, पण भोवती बाबाचं भस्म.

पहिलीवर मुंग्या आल्या. तिसरीवर आल्या. दुसरीकडे कोणी फिरकलं नाही. चौथीकडे रांग निघाली, भस्मापर्यंत पोचली आणि मागे वळली. ज्या तीन-चार मुंग्या आत घुसल्या त्या पाय झाडत तिथेच मेल्या. मी हे तीन दिवस, तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच. किराणा दुकानातून मुंग्या मारायचा खडू आणून ताडून पाहिला; ते भस्म म्हणजे त्याचाच चुरा होता.

खरी गंमत अशी की मुंग्यांची परीक्षा मुळात खोटी नाही. रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीत उतरते आणि मुंग्या तिच्यावर येतात. आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. बाबाने त्या खऱ्या गोष्टीच्या दोन्ही टोकांना खोटं बांधलं होतं. पहिल्या शिळेवर साधं पाणी ओतलं तरी मुंग्या येणार, म्हणून निरोगी माणूसही रोगी ठरणार. दुसरीवर पाक ओतला तरी येणार नाहीत, म्हणून रोगीही बरा ठरणार. मध्ये चाळीस दिवस गोळ्या बंद.

मंगळवारी सकाळी मी पुंडलिकरावांच्या घरी गेले. ते उपाशीपोटी होते. आकडा आला तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"तुहं यंत्र कंपनीचं हाये," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

"काका, तुम्ही गोळ्या सुरू करा. डोळे जातात, किडनी जाते..."

"पायल, तू हुशार पोरगी हायेस. पण मुंगीनं दोनशे माणसांसमोर निकाल देला माहा. आता तुह्या एका बोटाच्या थेंबावर मी काय इश्वास ठेवू?"

मथुराबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांनी दार अर्धं लोटलं. "रातभरात सात खेपा उठते हा माणूस," त्या म्हणाल्या. "मुंगी काही बी सांगो. माही झोप तर तेच सांगते ना, जे तुहं यंत्र सांगते. आता बोल, काय करा लागते?"

त्या आठवड्यात मी आत्याच्या घरी गेले नाही. तिचं घर आमच्यापासून सहा घरं पलीकडे. ती सकाळी सातला वेचणीला जायची आणि अंधार पडता परतायची. श्रावणमामा, तिचा नवरा, दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये चौकीदार होता, तो आठवड्यातून एकदा यायचा. माझ्याकडे वेळ नव्हता असं मी म्हणू शकते. पण त्या तीन संध्याकाळी मी अंगणात बसून मुंग्या मोजत होते.

गुरुवारी मांडव नेहमीपेक्षा भरलेला होता. मथुराबाई पुरुषांच्या गर्दीतून सरळ पुढे गेल्या.

"महाराज, आमच्या मालकायची फेरपरीक्षा करा लागते. माह्या मनात शंका हाये."

पुंडलिकराव चिडले. "कायची शंका? चाल मागं हो!" पण बाबाला गर्दीसमोर नाही म्हणता येईना. उलट त्याला सोयीचंच वाटलं. मथुराबाईंच्या हातून बाटली त्याने सेवकाकरवी घेतली आणि परीक्षाशिळेवर ओतवली. भजन सुरू झालं. तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी मुंग्या आल्या.

"पाहा!" बाबा ओरडला. "घरात शंका शिरली, साखर परत आली! अजून चाळीस दिवस चूर्ण घ्या लागन, पुंडलिकराव."

पुंडलिकराव पांढरेफटक पडले.

"महाराज," मथुराबाई म्हणाल्या, "ते आमच्या इहिरीचं पाणी हाये."

मथुराबाई गर्दीकडे वळल्या.

"म्या स्वतःच्या हातानं शेंदलं सकाळी. मंग आमच्या इहिरीले साखर झाली का? तिले बी चूर्ण देता काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग एकदम पन्नास माणसं हसली. बाबाने माइक घट्ट धरला. "कोणाच्या हातचं पाणी हाये ते मुंगीले समजते! बाईच्या हातचं..."

"मंग हे बी पाहा बाईच्या हातचं." मथुराबाईंनी पदराखालून तांब्या काढला. दाट, लालसर गुळाचं पाणी. त्या मुक्तिशिळेकडे निघाल्या.

"ए बाई! शिळेले हात नको लावू! बाटन ते!"

"बाटू दे," त्या म्हणाल्या आणि अख्खा तांब्या शिळेवर उपडा केला.

मी पुढे झाले. "भजन करू नका," मी म्हणाले. "पाव तास फक्त बघा." लोक खरंच बसून राहिले. तेवढ्या गर्दीत एक पोर रडत होतं, तेवढाच आवाज. गुळाचं पाणी शिळेवर चकाकत होतं आणि पाव तासात एकही मुंगी त्याच्याजवळ गेली नाही.

"गुयाची साखर गेली बापा!" मागून एकजण म्हणाला. "गूय मुक्त झाला!"

मग मी रक्षारेषेतलं भस्म मुठीत घेतलं आणि परीक्षाशिळेकडे चाललेल्या मुंग्यांच्या रांगेत आडवी रेघ ओढली. रांग तुटली. मुंग्या रेघेपाशी येऊन उलट्या फिरू लागल्या. मी सगळ्यांना सांगितलं ते भस्म काय आहे, आणि पंचामृतात काय असतं. त्यापुढे फार बोलावं लागलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने परीक्षाशिळेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं, आणि बाबाकडे नुसतं पाहिलं.

"मुंगीमाता कोपली!" बाबा म्हणाला. "हे सायन्स शिकलेले लोक... मुंगीमाता..." माइक कोणीतरी काढून घेतला. पोलीस पाटलाने ठाण्याला फोन लावला. पोरांनी बाबाच्या गाडीच्या चाकांतली हवा सोडली.

पुंडलिकराव उठून शिळेपाशी आले. "म्हणजे माही साखर..."

"तशीच आहे काका. वाढली आहे. आजच्या आज गोळ्या सुरू करा."

मला आनंद झाला होता. खोटं का सांगू? अंगणातल्या चार फरशांवर जे दिसलं ते दोनेकशे माणसांना दिसलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. याहून जास्त काय हवं होतं मला?

तेवढ्यात मांडवामागून नंदाबाई धावत आली. ती आत्याच्या वेचणीच्या टोळीतली. "पायल! तुही आत्या पडली वो! बोलत नाही! लवकर चाल!"

डोहाच्या काठाला बाभळींचा आडोसा आहे. रांगेतल्या बाया लघवीला तिथे जायच्या. आत्या तिथेच पडली होती, एका कुशीवर. ओठ फाटले होते. जीभ लाकडासारखी. मी हाक मारली तेव्हा तिच्या पापण्या हलल्या, पण नजर माझ्यावर ठरली नाही.

"सात दिवसांचं पाणी बांधलं होतं ना तिचं," नंदाबाई रडत सांगत होती. "हंसाबाई म्हणे, ही तहान तुही नाही, आसरेची हाये. तुह्या घशातून आसराच पाणी पिते. तिले पाणी तोड. सकाळी एक वाटी, सांजेले एक वाटी. आन् रोज गुयाचा भात खा, तिचा निवद म्हणून. तोंड गोड झालं का ती सोडून जाते. आज सातवा दिवस. वेचणी सोडून पारणं फेडाले आली होती."

"आणि तिने सात दिवस पाणी नाही प्यायलं?"

"नेमाची पक्की हाये ना ते. काल वावरात मडकं समोर होतं. त्याच्याकडं पाठ करून बसली होती."

मी तिचं बोट टोचलं. रक्त दाट, काळपट. यंत्राने आकडा दाखवला नाही. सहाशेच्या पुढे ते आकडा दाखवत नाही.

यंत्र पिशवीत ठेवताना माझं लक्ष जमिनीकडे गेलं. बाभळीखालच्या मातीत मुंग्यांच्या रांगा होत्या, एक नाही, पाच-सहा. जिथे जिथे ओल होती तिथे तिथे. इथे कोणी पंचामृत ओतलं नव्हतं, कोणी भजन म्हटलं नव्हतं. गावातली एकमेव खरी मुंगीपरीक्षा या आडोशाला चालू होती, दर गुरुवारी, मांडवापासून वीस पावलांवर. ती एकट्या आत्याची नव्हती. आणि तिकडे बघायला बाबा आला नव्हता, आणि मीही आले नव्हते.

पुंडलिकरावांनी गाडी काढायला सांगितली. त्यांचा ड्रायव्हर क्षणभर घुटमळला. मागच्या सीटवर, मळक्या लुगड्यातली वेचणीची बाई? "पाह्यतो काय? उचल तिले!" मथुराबाई ओरडल्या आणि स्वतः आत बसून त्यांनी आत्याचं डोकं मांडीवर घेतलं.

दिग्रसहून आम्हाला यवतमाळला पाठवलं. तिथे डॉक्टर रुपाली म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

"तिले शुगर नाही," श्रावणमामा म्हणाला. तो जिनिंगच्या खाकी कपड्यांतच आला होता. "आमच्यात कोणाले नाही. मोठ्या लोकायचा रोग हाये तो."

"नऊशे चाळीस आहे," डॉक्टर म्हणाल्या.

नंतर त्यांनी मला बाहेर समजावलं. रक्तात साखर इतकी झाली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकत राहतं, आणि साखरेबरोबर पाणी ओढून नेतं. म्हणून तहान लागते. "ती तहान रोग नव्हता," त्या म्हणाल्या. "तहानेनेच तिला दिवाळीपासून जिवंत ठेवलं होतं. मग पाणी बंद केलं आणि वर रोज गूळ." त्यांनी केसपेपर उलटून पाहिला. "तिची शुगर आधी कोणीच तपासली नाही?"

दवाखान्यात दोन्ही खेपांना कोणी तपासली नव्हती. वय, अशक्तपणा, रक्त कमी. वेचणीच्या बाईला आणखी काय असणार? आणि मीही तपासली नव्हती.

कोकिळाआत्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

बाबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पूर्वी तो खते-कीटकनाशकांच्या दुकानात कामाला होता, हे चौकशीत निघालं. मुंग्यांचा खडू त्याला तिथूनच माहीत. हंसाबाईने जबाब दिला, "मले जे सांगाले सांगतलं ते म्या सांगत होती. बाईच्या दुखण्याले आसराच म्हणाचं, असं महाराज म्हणे. साखर म्हटलं तर घरचे हासतीन." पेपरात बातमी आली. बातमीत शिळा होती, पंचामृत होतं, खडू होता, पुंडलिकराव होते. बायांची रांग नव्हती.

तेरा दिवसांनी मी माझी वही उघडली. एकसष्ट पुरुष, चौदा बाया. त्या पानाच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात शिबिराची वेळ लिहिलेली होती: सकाळी दहा ते एक, ग्रामपंचायत कार्यालय. वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला गावात कोण असतं? ज्यांना वावरात जावं लागत नाही ते. त्या चौदा बायांतल्या अकरा जणी जमीनदार घरांतल्या होत्या. आमच्या वस्तीतली एकही नव्हती. मी बायांना साखर नाही असं मोजलं नव्हतं. मी बायांना मोजलंच नव्हतं. आणि मग न मोजलेल्याचा निष्कर्ष काढला होता. बाबाने शिळा बाटेल म्हणून बायांना बाजूला ठेवलं. मी काहीच कारण न देता ठेवलं.

पुढचं शिबिर मी आमच्या वस्तीच्या विहारासमोर लावलं, पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी, वेचणीला निघायच्या आधी. बाया डोक्याला फडकी बांधून, डबे घेऊन आल्या. काही आल्याच नाहीत. नवरे म्हणाले, काय गरज आहे. त्यांच्याकडे मी दुसऱ्या दिवशी घरी गेले. एकूण त्रेपन्न बोटं टोचली. बारा जणींना साखर निघाली. त्यातल्या अकरा जणींना ती आहे हे माहीत नव्हतं. मथुराबाई स्वतः चालत वस्तीत आल्या होत्या. नवऱ्याच्या गोळ्या बारा वर्षं मोजणाऱ्या या बाईचा आकडा होता दोनशे सव्वीस, आणि आयुष्यातला तो पहिला आकडा.

नंदाबाईचा निघाला तीनशे दहा. तिने टोचलेलं बोट पदरात दाबलं.

"म्हणजे मले आसरा नाही लागली?"

"आसरा नसतेच नंदाबाई. तुला शुगर आहे. गोळ्या आहेत तिच्यावर. आज मी तुझ्याबरोबर दिग्रसला येते."

"मंग पाणी पिऊ?"

"पी. लागेल तेवढं पी."

तिने माझ्या टेबलावरचा तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या रिकामा केला.

हे लिहायचं कारण बाबा नाही. असा बाबा दुसऱ्या गावात उद्या दुसरा दगड मांडेल, आणि तो दगड तपासून पाहायला कोणाला तरी चार फरशा पुरतील. पण जी समजूत कोणी तपासलीच नाही तिचा खोटेपणा कोणत्याच फरशीवर दिसत नाही. सतत तहान, वारंवार लघवी, खाज, कारण नसताना वजन उतरणं, न भरणारी जखम: यात ना आसरा असते ना नजर, आणि "बाईला कुठून होणार" हे त्यावर उत्तर नाही. बोटातल्या एका थेंबाने ते कळतं. तुमच्या गावात साखरेचं शिबिर झालं असेल तर त्याची वही मागा. बाया किती ते मोजा, आणि त्यांतल्या दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या किती ते मोजा. नावं कमी दिसली तर त्या निरोगी आहेत असं समजू नका. शिबिराची वेळ विचारा, आणि ती बदलायला लावा.